'पर्यंत'ला इंग्रजीत काय म्हणायचं? प्रीपोझिशन सुधारतानाचा माझा अनुभव

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत डिस्पॅचला आहे, पाच वर्षं झाली. शाळा सगळी मराठी मीडियम, कराड तालुक्यातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून झालं ते 2000 साली, तोवर माझी पाचवी होऊन गेलेली. शब्दयोगी अव्यय, उभयान्वयी अव्यय तोंडपाठ होती, इंग्रजीच्या पेपरात इन-ऑन-ॲटच्या रिकाम्या जागा भरायच्या, मार्क पडायचे, पुढे कोणी विचारलं नाही.

गडबड झाली ती एका मेलमुळे. बाहेरच्या कस्टमरला कळवायचं होतं की माल 20 तारखेपर्यंत मिळेल, मी 'पर्यंत' म्हणून सरळ टिल टाकलं, मटेरियल विल बी अव्हेलेबल टिल ट्वेंटिएथ. त्यांनी वाचलं की माल आहे आणि फक्त 20 पर्यंतच ठेवणार आहेत. ऑर्डर एक्स-वर्क्स होती म्हणजे गाडी त्यांची, त्यांनी 14 लाच लावली आणि आमचे पार्ट अजून प्लेटिंगलाच, म्हणजे धातूचा मुलामा चढवायला गेलेले, गाडी रिकामी परत गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

परचेसच्या मॅडमनी मेल बघितला आणि म्हणाल्या, "अगं, इथे बाय हवं होतं. टिल म्हणजे तोपर्यंत चालूच राहणार, बाय म्हणजे त्या तारखेच्या आत एकदा होऊन जाणार." आपल्याकडे दोन्हीला 'पर्यंत'च, सहापर्यंत ऑफिसात आहे आणि सहापर्यंत पाठवते, ऐकणाऱ्याला क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत ते प्रीपोझिशननेच सांगावं लागतं.

मग मी व्याकरणाचं पुस्तक न घेता स्वतःचे सेंट आयटम उघडले. सिन्स टाकून सर्च केलं तर जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये सिन्स टू डेज, सिन्स वन वीक. वही केली, एका पानावर एक मराठी शब्द. पहिलं पान 'पासून'चं. दोन दिवसांपासून गाडी उभी आहे, इथे फॉर, कारण किती वेळ ते सांगतोय. सोमवारपासून उभी आहे, इथे सिन्स, कारण कधी सुरू झालं ते सांगतोय. पुढच्या सोमवारपासून नवीन रेट, तिथे फ्रॉम. एका 'पासून'चे तीन झाले आणि हे कुठल्या यादीत वाचून माझ्या डोक्यात बसलं नसतं, मराठीकडून गेले म्हणून बसलं.

'दहा ते बारा'चंही तसंच. मी बिटवीन टेन टु ट्वेल्व्ह लिहायची कारण 'ते' म्हणजे टु वाटायचं. बिटवीन असेल तर अँड, फ्रॉम असेल तर टु. डिस्कस अबाउट, डिस्पाइट ऑफ वगैरे लगेच सुटले, जास्तीचा शब्द काढला की झालं.

कंजंक्शनला मात्र खरंच वेळ लागला, कारण आपली जोडीने येतात. जरी-तरी, जोपर्यंत-तोपर्यंत. मी ऑल्दो लिहिलं की पुढे बट यायचंच, हात थांबत नव्हता, इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचं. सगळ्यात अवघड गेलं अनटिल. आपण म्हणतो, पेमेंट येत नाही तोपर्यंत माल सोडू नका, त्या 'नाही'मुळे मी अनटिल पेमेंट इज नॉट रिसीव्हड असं कितीतरी वेळा पाठवलंय. ते नॉट काढायचं, अनटिलमध्येच तो अर्थ आहे. अनलेसचंही तसंच. मॅडमनी हे समजावलं तेव्हा मी आधीचे दहा-बारा मेल पुन्हा नीट लिहून काढले, पाठवायला नाही, हाताला वळण लागावं म्हणून.

असे चार महिने गेले, रोज कंपनीच्या बसमध्ये वीस मिनिटं. बसमध्ये बसलेय हे ऑन द बस आणि कारमध्ये असेल तर इन, हेही त्याच बसमध्ये कळलं, ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिथे ऑन, ट्रेन आणि विमानालाही लागू पडतं.

गेल्या आठवड्यात त्याच कस्टमरला मेल गेला, विल बी रेडी बाय फ्रायडे. गाडी शुक्रवारी दुपारी लागली, माल पॅक होऊन गेटजवळ होता. वहीत आता 'वर'चं पान चालू आहे, ऑन, ओव्हर, अबव्ह, अपॉन, अर्धं पान भरलंय.