सायकल काढून दाखवा

एक कागद घ्या आणि समोर सायकल नसताना सायकलचं चित्र काढा. खरंच काढा, पुढचं नंतर वाचा. दोन गोल तर सगळेच काढतात, सीट येते, हँडल येतं, आणि मग पेन्सिल अडते, कारण मधल्या त्या नळ्या नक्की कुठून कुठे जातात? पायडल कुठे असतं, चेन कुठल्या चाकाला? बरेच जण पुढचं चाक आणि मागचं चाक एका सरळ दांडीनं जोडून मोकळे होतात, आणि ती सायकल दिसायला अगदी झकास दिसते, फक्त तिचं हँडल जन्मात वळणार नाही, निघाली की सरळ समोरच्या भिंतीत.

जानलुका जिमिनी नावाच्या एका इटालियन डिझायनरनं २००९ पासून हाच उद्योग केला, ओळखीच्या-अनोळखी लोकांना पेन दिलं आणि म्हणला काढा सायकल, आठवणीनं. मग त्या चुकलेल्या चित्रांतल्या काही सायकली त्यानं कॉम्प्युटरवर अगदी खऱ्यासारख्या बनवल्या, चकाचक रंग, चामड्याची सीट, सगळं. बघताना आधी वाटतं वा काय सुंदर आहे, आणि दोन सेकंदांनी कळतं की ही तर मधोमध मोडणार बसल्या बसल्या. मला त्यात हसू येण्यापेक्षा गंमत ह्याची वाटते की ज्यांनी आयुष्यभर सायकल दामटली त्यांच्याही हातून हे होतं. आणि नुसतं साध्यासुध्या लोकांच्याच नाही हं, पॅरिसचा तुलूझ-लोत्रेक, पोस्टरच्या दुनियेतला केवढा मोठा माणूस, त्यानं १८९६ मध्ये सिम्प्सन कंपनीच्या सायकल चेनसाठी पोस्टर केलं तर कंपनीवाल्यांनी ते परत केलं, कारण काय तर चेन बरोबर काढलेली नाही. चेनचीच जाहिरात आणि चेनच चुकलेली! मग त्यानं दुसरं काढून दिलं.

तर माझं म्हणणं असं आहे की सायकल चालवणाऱ्याला सायकल कधी दिसतच नाही. ती खाली असते. आपल्याला दिसतो तो रस्ता, खड्डा, समोरच्या गाडीचं उघडू शकेल असं दार, आणि फार तर हँडलवर आपलेच दोन हात. तिच्याकडे आपण बघतो ते कधी, तर ती बिघडल्यावर. चेन उतरली की उकिडवं बसून पहिल्यांदा कळतं की अरे हे असं आहे होय. म्हणून एखादं शहर जेव्हा सायकलचा म्हणून फेस्टिव्हल भरवतं, सिनेमे, चित्रं, फोटो, असलं सगळं, तेव्हा लोक विचारतात की सायकल चालवायची सोडून अंधारात बसून बघायची काय, त्यांना माझं उत्तर हेच की बघायचीच, कारण एरवी बघायला मिळते कुठे.

ह्या प्रकाराला नाव मिळवून देणारा फेस्टिव्हल न्यू यॉर्कचा, २००१ मध्ये ब्रेंट बार्बर ह्या माणसानं चालू केला. का, तर तो सायकलवरून जाताना त्याला बसनं धडक दिली. असं झाल्यावर माणूस सायकल विकेल, नाहीतर वकील गाठेल. ह्यानं सायकलवरचे सिनेमे गोळा केले, आणि मग तो फेस्टिव्हल देशोदेशी फिरला. आणि आता असले छोटे-मोठे मेळे कुठे ना कुठे चालूच असतात, त्यात पडद्यावर शॉर्टफिल्म, भिंतीवर पोस्टर, कोपऱ्यात कुणीतरी जुन्या आऱ्यांचं झुंबर केलेलं, आणि प्रेक्षक कोण ते ओळखायला अजिबात त्रास नाही, हेल्मेट मांडीवर, आणि उजव्या पायाच्या पँटला घोट्याजवळ काळा डाग. फक्त उजव्याच. चेन उजवीकडे असते ना.

तसं बघितलं तर सिनेमा आणि सायकल ही एकाच काळातली भावंडं. आज आपण जिला सायकल म्हणतो, म्हणजे दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ती जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर १८८५ ची, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा, आणि ल्युमिएर बंधूंनी लिऑनच्या आपल्या कारखान्याच्या गेटसमोर कॅमेरा लावून सुटणारे कामगार टिपले ते १८९५ ला. मिनिटभराचासुद्धा नाही तो सिनेमा. बायका बाहेर पडतात, कुत्रं मधे मधे करतं, आणि त्या गर्दीतून सायकलवाले बाहेर येतात. कुणी त्यांना हिरो केलेलं नाही, काम संपलं, घरी चालले. मला पडद्यावरची ही पहिलीवहिली सायकल फार बरोबर वाटते. कामावरची सायकल.

आता माझी तक्रार. अशा फेस्टिव्हलला गेलं की निम्मा वेळ शर्यती. डोंगरावरून उड्या मारणारे, घाटात घामाघूम झालेले, स्लो मोशनमध्ये पोटऱ्या, वर ढमढम संगीत. वाईट नसतं, काही काही तर बघताना आपलेच पाय खुर्चीखाली फिरायला लागतात. पण दूधवाला, पोस्टमन, सिलेंडर लटकवून जाणारा, पाठीवर खोका घेऊन तुमचं जेवण पोचवणारा, ह्यांच्या सायकली पडद्यावर अगदीच थोड्या येतात आणि आल्या तरी बिचाऱ्या, बॅकग्राउंडला बासरी. ह्या दोन सायकली एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत असं वाटतं.

आणि म्हणूनच इटालियन दिग्दर्शक डे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ कुठल्याही असल्या फेस्टिव्हलला लागला की मी परत बघतो. १९४८, युद्धानंतरचं रोम, एका बेकार बापाला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे, आणि ती तर गहाण. बायको घरातल्या चादरी काढते, त्या गहाण टाकून सायकल सोडवायची. तिथे एक माणूस तो चादरींचा गठ्ठा घेऊन मांडणीवर चढतो, चढतच जातो, वरपर्यंत नुसते गठ्ठेच गठ्ठे, म्हणजे अख्ख्या शहरानं अंथरुणं गहाण टाकलीयेत हे एकही वाक्य न बोलता कळतं. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. आणि लक्षात घ्या, ती मग उरलेल्या सिनेमात कुठ्ठे नाही. सिनेमा सायकलचा आणि सायकल गायब. आहेत त्या दुसऱ्यांच्या सायकली, शेकड्यांनी.

मला त्यातला बाजार सगळ्यात आवडतो. चोरलेली सायकल अख्खी कोण विकेल, तिचे पार्ट सुटे होणार, म्हणून शोधणारे लोक कामं वाटून घेतात, तू टायर बघ, तू फ्रेम बघ, आणि त्याच्या लहान पोराला सांगतात तू पंप आणि घंट्या बघ. रांगेनं मांडलेल्या घंट्या. आणि ते पोरगं त्यातून जातंय. सायकल म्हणजे काय हे इतकं सुटं सुटं करून दुसरं कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही, फ्रेमवरचा नंबर वाचायला पोलीस बोलावतात तो प्रसंगसुद्धा किती साधा आहे आणि छातीत कसं धडधडतं. मग शेवटाकडे बाप-लेक फूटपाथच्या कडेला हताश बसलेत, स्टेडियमबाहेर ओळीनं सायकली लावलेल्या, आणि समोरून काय जातं, तर सायकल रेसचा जथा. सुर्रकन. झालं. माझी सगळी तक्रार डे सिकानं एका शॉटमध्ये उरकून टाकली. बापाचं काम करणारा लॅम्बर्तो मॅज्योरानी नट नव्हताच, कारखान्यात कामाला होता. आणि हा सिनेमा १९५० मध्ये लंडनला बघून सत्यजित राय नावाच्या एका जाहिरातवाल्यानं ठरवलं की आपला पहिला सिनेमा असाच करायचा, खऱ्या जागी, नट नसलेली माणसं घेऊन, तर बघा एक चोरलेली सायकल कुठपर्यंत गेली.

सायकल नसणं आणि सायकल मिळवणं हीच खरी सिनेमाची गोष्ट, असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय, चालवण्यात काय, चालवणारा सुखी असतो आणि सुखी माणसाची गोष्ट दोन मिनिटांत संपते. २०१२ चा ‘वज्दा’ बघा, सौदीतल्या रियाधमधल्या दहा वर्षांच्या मुलीला हिरवी सायकल पाहिजे, मुलींनी सायकल चालवायची नाही असा दंडक, आणि पैसे जमवायला ती कुराण पठणाच्या स्पर्धेत नाव देते. डोकं बघा पोरीचं. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर, तिला रस्त्यावर पुरुषांमध्ये उभं राहून शूटिंग करता येईना म्हणून व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्यायची. पुढच्याच वर्षी तिथे बायकांना बागेबिगेत, घरच्या पुरुषासोबत, सायकल चालवायची परवानगी मिळाली. सिनेमामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायला मजा वाटते.

चित्रकलावाल्यांचं वेगळंच. त्यांना अख्खी सायकल नकोच असते. मार्सेल द्युशाँनं १९१३ मध्ये एका स्टुलावर सायकलचं चाक उलटं खोचलं आणि स्टुडिओत ठेवून दिलं, येता-जाता फिरवायचं आणि बघत बसायचं, त्याला म्हणे त्यात शेकोटीतल्या ज्वाळा बघितल्यासारखं बरं वाटायचं. ज्यानं कुणी सायकल स्टँडवर चढवून मागचं चाक उगाच फिरवलंय त्याला हे पटकन पटेल, त्यासाठी कलेचा इतिहास वाचायची गरज नाही. ते मूळ चाक हरवलं, न्यू यॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये आहे ते १९५१ चं, आणि अर्थात आता त्याला फिरवायची सोय नाही. त्याच १९१३ मध्ये इटलीत बोच्चोनी आणि रशियात नतालिया गोंचारोवा दोघंही सायकलस्वार रंगवत होते, गोंचारोवाच्या चित्रात तर पाय आणि चाकं इतक्यांदा काढलीयेत की दगडी रस्त्यावरचे हादरे आपल्याला बसतात. आणि पिकासोनं १९४२ मध्ये भंगारातली एक सीट आणि एक हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. बस, दोन वस्तू. तो म्हणायचा की उद्या हे डोकं कुणी भंगारात टाकलं तर कुणीतरी येऊन म्हणेल अरे हे तर माझ्या सायकलला हँडल म्हणून चालेल. हे मला बैलापेक्षा जास्त आवडतं. आय वेवे ह्या चिनी कलाकारानं २०१३ मध्ये टोरंटोत ३१४४ सायकली एकावर एक रचल्या, त्याही भारी दिसल्या असणार, पण इतक्या सायकली आणि एकही चालवता येत नाही म्हटल्यावर माझा जीव जरा वरखालीच होतो.

पांढऱ्या सायकलींचं मात्र सांगायलाच पाहिजे. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या खोडकर पोरांनी सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर सोडल्या, कुलूप नाही, ज्याला पाहिजे त्यानं घ्या, पोचलात की सोडून द्या. पोलिसांनी त्या उचलल्या, कारण सायकल बिनकुलपाची ठेवणं नियमात बसत नव्हतं. पुढे २००३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला दुसरीच पांढरी सायकल उभी राहिली, जिथे गाडीनं सायकलवाल्याला उडवलं त्या जागी, साखळीनं बांधून. घोस्ट बाईक. आता त्या कितीतरी शहरांत आहेत. गॅलरीत ठेवलेल्या कुठल्याही सायकलीपुढे मी एवढा वेळ उभा राहिलेलो नाही, आणि सिग्नलला थांबलेले ड्रायव्हरसुद्धा तिच्याकडे बघतात आणि लगेच दुसरीकडे बघतात.

बरं, ह्या मेळ्यांमधला सगळ्यात धमाल प्रकार म्हणजे पायडल मारून चालणारा सिनेमा. पाच-सात सायकली स्टँडवर, मागे डायनॅमोसारखी जनरेटरं, आणि त्यावर प्रोजेक्टर. साधा माणूस गप्पा मारत पायडल मारतो तेव्हा पन्नास ते शंभर वॉट निघतात, प्रोजेक्टर आणि स्पीकरला दोन-तीनशे तरी लागतात, म्हणजे एकट्याचं काम नाही. मधे बॅटरी ठेवतात म्हणून पडदा लगेच काळा होत नाही, पण मीटरचा काटा सगळ्यांना दिसत असतो, आणि सिनेमा रंगात आला की गंमत बघा, पायडलवाले गुंततात, पाय मंदावतात, काटा खाली, आणि मागून लोक ओरडतात ए मारा मारा. म्हणजे सिनेमा जितका चांगला तितका बंद पडायची भीती जास्त. रटाळ डॉक्युमेंटरी मात्र तासभर लख्ख चालते.

आणि प्रदर्शन म्हणाल तर खरं प्रदर्शन बाहेर, सायकल स्टँडला. आत भिंतीवर वीस फोटो आणि बाहेर दोनशे सायकली, त्यात कार्बन फ्रेमची, हलकी फुल्ल, शेजारी गंजक्या मडगार्डवाली, जिच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी, एकीला पुढे मुलाची सीट, एकीचं कॅरियर रबरी ट्यूबनं आवळलेलं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ सुटल्यावर तर इथे बघण्यासारखं असतं, डोळे पुसत पुसत येतो तो प्रत्येक माणूस आधी आपलं कुलूप ओढून बघतो. आयोजकांना माझं एवढंच म्हणणं आहे की पुढच्या वेळी एक पंक्चरवाला आतल्या हॉलमध्ये बसवा, झुंबराच्या शेजारी, पाण्याचं घमेलं, कानस, सोल्युशन सगळं घेऊन. लोक गोल करून उभे राहतील, ट्यूबमधून बुडबुडे कुठून येतायत ते एकमेकांना बोटानं दाखवतील, आणि ‘कृपया हात लावू नये’ची पाटी लावायची कुणाला आठवणसुद्धा होणार नाही.