आवाज कमी कर म्हणे

"आधी आवाज कमी कर, मग बोलू."

पुण्यातल्या आमच्या कॉलेजात फीच्या खिडकीवर आज एका मुलीला हे ऐकावं लागलं. महाडीबीटीवरचा तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून, आणि वर तिलाच सांगणं की फी भर, नाहीतर हॉल तिकीट नाही. चिडली. चिडणारच की!

आमच्यातले एक सर उठले. 'शांत हो' वगैरे काही नाही. खुर्ची पुढे केली, अर्ज क्रमांक विचारला, स्वतःच्या वहीत लिहून घेतला. मग तिला 'उद्या ये' न म्हणता तिच्याबरोबर क्लार्कच्या टेबलापर्यंत गेले. ती तिथेही मोठ्यानेच बोलत होती. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही, नुसते शेजारी उभे राहिले. अर्ज पुढे गेला.

स्टाफरूममध्ये नंतर चर्चा कशाची? तिच्या उद्धटपणाची. अर्ज कधीपासून पडून होता, हे एकानेही विचारलं नाही.

याच पुण्यात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आला. चांगलाच संतापलेला निबंध आहे. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या भाषणांत आपण तिचं नाव अभिमानाने घेतो (टाळ्याही मिळतात).

असो. यूजीसीच्या २०१२ च्या नियमावलीत प्रत्येक कॉलेजात भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय. तुमच्याकडे तो कोण आहे, मुलांना माहितीये का?