जिथे नख अडकलं

गेल्या दिवाळीपासून माझी वॅगनआर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पीत होती. २००८ची गाडी. सकाळी इंदूरच्या सुदामा नगरातून महूला निघाले की गल्लीभर निळा धूर. सासूबाई खिडकी लावत म्हणायच्या, "डासांची गाडी आली का तू निघालीस?"

मेकॅनिक भैयाने प्लग काढून कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर १५०-१६० पीएसआय, तिसरा ९५. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं तर काटा १४०वर. "दीदी, रिंग गई." ऑइलने पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या फटी बुजल्या म्हणून दाब चढला. व्हॉल्व्ह गळत असता तर काटा होता तिथेच राहिला असता.

ह्यांचं म्हणणं, आता इंजिन बांधण्यात, म्हणजे उघडून झिजलेलं बदलण्यात, पैसे घालायचे नाहीत. भंगारातलं तयार इंजिन २५ हजारांत मिळतंय, दोन दिवसांत बसतं. बांधायचे ३८ हजार. हिशेब बिनतोड होता, म्हणून मी ते इंजिन बघायला गेले. ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पांढरट थर. म्हणजे ऑइलमध्ये पाणी. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेलं असेल, नाहीतर बिचारी गाडी नुसती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच फिरली असेल, इंजिन कधी पुरतं तापलंच नसेल. शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो. तो बदलायचा तर आरटीओत इंजिन कुठून आलं त्याचा कागद लागतो. विकणारा म्हणाला, "कागज बाद में दे देंगे." मी तिथूनच परत फिरले. नोंदणी आत्ताच पाच वर्षांसाठी वाढवून घेतलीय, त्या आरसीशी मला खेळ नको होता.

तरी भैयाला म्हटलं, आधी उघड, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) खराब निघाला तर बांधायचं रद्द. हेड उतरवल्यावर त्याने मला तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवायला सांगितलं. खालून वर येताना काठाशी नख अडकलं. रिंग जिथवर पोचते तिथवर भिंत झिजलेली, त्याच्या वर मूळची. मधे ती पायरी. धुळीचं काम, म्हणाला. मी गप्प. एअर फिल्टर झटकून झटकून तोच लावायची काटकसर माझीच होती, दोनशे रुपयांची.

क्रँक मात्र मापात निघाला. मग काय, चारही सिलिंडर बोर करून, म्हणजे आतून कोरून, ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन. (मारुती ८००चे तीन सिलिंडर मिळून ७९६ सीसी, हिचे चार मिळून १०६१. भागून बघा, सिलिंडर तेवढाच! आमच्या जुन्या आठशेलाच एक जास्तीचा लावलाय जणू.) लेथवरून ब्लॉक आला तेव्हा आत तिरप्या रेघांची बारीक जाळी होती, ऑइल धरून ठेवायला. इतकी नेटकी की त्यावर पिस्टन घासणार याचंच वाईट वाटलं.

ह्यांनी ३८ हजारांबद्दल अजून चकार शब्द काढलेला नाही, आणि ते जास्त टोचतंय.

पहिले हजार किलोमीटर ६०च्या वर जायचं नाही, अशी भैयाची ताकीद आहे. काल राऊच्या पुढे एका ट्रॅक्टरने हॉर्न देऊन मला बाजूला काढलं. ट्रॉलीवर बसलेली पोरं हात हलवत होती. मी आरशात बघितलं. धूर नव्हता.