केबलवाल्याला काय सांगू?

नवऱ्याला मार्च महिन्यात दोन गोष्टी हमखास आठवतात, पीपीएफ आणि केबल. दोन्हींबद्दल तो एकच वाक्य बोलतो, 'यंदा काय ते ठरवून टाकू.' पीपीएफचं ठरतं.

त्याचा हिशेब बिनचूक असतो, हे मान्यच करते. केबलचे महिन्याला तीनशेच्या आसपास, वाय-फायचे वेगळे, वर दोन-तीन ओटीटींची वर्गणी. केबलवर लागतं ते जवळजवळ सगळं ॲपवर मिळतं, मग एकाच मालिकेचे दोनदा पैसे कशाला? न्यू जर्सीच्या नणंदेला तर आमच्याकडे अजून केबल आहे याचंच नवल वाटतं. तिचंही बरोबर आहे. तिकडे केबलचं बिल शंभर डॉलरच्या घरात जायचं. ते तोडून चार ॲप घेतली तरी पैसे उरत. आपल्याकडे ती मजा नाही. तीनशे वाचवायला निघालेला माणूस ॲप घेत घेत कधी सहाशेवर पोचतो ते त्यालाही कळत नाही. नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅन मोबाइलपुरता, टीव्हीवर बघायचं तर १९९ पासून पुढे. पूर्वी भावंडं एकाच पासवर्डवर संसार करायची, तीही सोय त्यांनी जुलै २०२३ मध्ये भारतात बंद केली. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून जाहिराती आल्या. नको असतील तर वरचे पैसे. म्हणजे पैसे भरून जाहिराती बघायच्या. हे तर आम्ही केबलवर पहिल्यापासून करतच होतो, त्यासाठी इतकं आधुनिक व्हायची काय गरज होती?

पण खरी अडचण पैशांची नाही. आमच्या घरात टीव्हीचे पैसे भरणारा माणूस टीव्ही बघत नाही, आणि टीव्ही बघणाऱ्या बाई पैसे भरत नाहीत. त्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई. संध्याकाळी सात ते साडेदहा हॉलवर त्यांचं राज्य असतं. त्या राज्यात कुठली सून कुठल्या सासूला छळते आणि कोणाचं लग्न कोणत्या मंडपात मोडतं, याची नोंद त्यांच्याकडे असते आणि साडेनऊच्या जाहिरातीत ती इचलकरंजीच्या मावशींना फोनवरून दिली जाते. मावशीही तेच चॅनल लावून बसलेल्या असतात. फोन जाहिरात संपेपर्यंतच. 'लागलं, लागलं' म्हणाल्या की दोघी एकदम फोन ठेवतात.

नवऱ्याने एकदा मोठ्या कौतुकाने त्यांना ॲप लावून दिलं. ॲपच्या महागातल्या प्लॅनमध्ये रात्रीचा भाग टीव्हीच्या आधी, सकाळीच बघता येतो. आता आई खूश होतील, अशी त्याची समजूत. आईंनी सकाळी चहाबरोबर भाग पाहिला, दुपारी मावशींना फोन लावला आणि 'अगं, ती जिवंत आहे' असं सांगून टाकलं. मावशींनी फोन ठेवला तो दोन दिवस उचलला नाही. तेव्हापासून सासूबाई ॲपला 'ते आगाऊ' म्हणतात. माझ्या मते टीव्ही या विषयावर आमच्या घरात झालेलं हे सगळ्यात नेमकं भाष्य आहे.

त्यांना मालिका हवी असते ती साडेआठला, आणि आपोआप. कोणीतरी ती लावावी आणि आपण बसावं. त्यासाठी प्रोफाइल निवडा, मग शोधा, मग 'तुम्ही अजून बघताय का' या प्रश्नाला उत्तर द्या, हे त्यांना सरळसरळ उद्धट वाटतं. 'बघतेय की, डोळे मिटलेत म्हणून काय झालं!'

हसू येतं, पण मीही वेगळी नाही. रविवारी दुपारी चॅनल बदलता बदलता एखादा जुना मराठी सिनेमा मधूनच लागलेला सापडतो. नायिकेचा बाप शेतात उभा राहून रागावलेला असतो, पुढचा संवाद आपल्याला पाठ असतो, तरी कोणी उठत नाही. तोच सिनेमा ॲपवर सहा महिने पडून असतो आणि घरातला एकही माणूस तो आपण होऊन लावत नाही. लावला तर तो आपण निवडला असं होतं ना! मग तो चांगला निघायला हवा, सगळ्यांना आवडायला हवा, नाहीतर 'कोणी लावला हा?' असा प्रश्न येतो. केबलवर हा प्रश्न कधी येत नाही. लागलंय, आपण काय करणार! दिवसभर ऑफिसात आणि घरात निर्णय घेऊन आलेल्या बाईला रात्री नऊ वाजता आणखी एक निर्णय नको असतो, एवढं साधं आहे हे. ॲपवर आम्ही चौघं मिळून सिनेमा निवडायला बसलो की ट्रेलर बघता बघता वरणाला फोडणी देऊन होते आणि शेवटी मुलगा स्वतःचा फोन घेऊन आत जातो.

केबलमध्येही एकदा निवडायची वेळ आली होती. २०१९ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम आले, तेव्हा केबलवाल्याचा मुलगा झेरॉक्स काढलेली चॅनलांची यादी घेऊन आला. हवीत त्यांच्यापुढे खूण करा म्हणाला. शंभर चॅनलांचे १३० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशांची चॅनलं वेगळी. एकोणीस रुपयांपेक्षा महाग चॅनल पॅकमध्ये घालता येणार नाही असा नियम होता, म्हणून लोकांना हवी ती बरीच चॅनलं बरोबर एकोणीसला येऊन थांबली. आपल्याला हवं तेच घ्या, त्याचेच पैसे द्या, अशी योजना. आमच्या इमारतीत ती यादी दोन-तीन दिवस या घरातून त्या घरात फिरली आणि शेवटी सगळ्यांनी केबलवाल्यालाच सांगितलं, 'तुला योग्य वाटेल तो मराठी पॅक टाक.' सरकारने आम्हाला स्वातंत्र्य दिलं होतं, ते आम्ही त्याच आठवड्यात केबलवाल्याकडे जमा केलं.

आणि हा केबलवाला तरी सोडणार कसा? आमच्या नाशिकमध्ये डिजिटल बॉक्सची सक्ती ३१ मार्च २०१३ ची. त्याच्या आधीपासून हे लोक गच्चीवरून गच्चीवर, आंब्याच्या फांदीवरून वायर टाकत आलेत. आता त्यांनीच नेटची फायबर टाकलीय. म्हणजे नवरा बाणेदारपणे 'केबल बंद' म्हणेल तेव्हा बॉक्स न्यायला येईल तो हाच मुलगा, आणि पुढच्या महिन्यात वाय-फायचे पैसे न्यायला येईल तोही हाच. वर त्याच्याकडे नेट, चॅनलं आणि ओटीटी सगळं एकत्र असलेला प्लॅनही आहे. 'ताई, तुम्ही काहीही ठरवा, वायर तीच राहणार,' असं तो हसून सांगतो. त्याला कसलीच घाई नाही.

नवऱ्याकडचा एक मुद्दा मात्र २९ जून २०२४ च्या रात्री कायमचा निकालात निघाला. टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्यात. हॉलमध्ये आम्ही मोठ्या दिमाखात ॲपवर सामना लावला होता, कारण चित्र जास्त स्पष्ट दिसतं. हार्दिक पंड्या अजून रनअपच्या टोकाला उभा होता आणि खालच्या मजल्यावरून असा काही आरडाओरडा झाला की माझ्या हातातला डबा पडला. फटाके वाजले. आमचा हार्दिक तेव्हा चेंडू पुसत होता. मग तो धावत आला, मिलरने उंच मारला, सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला, आणि आमच्या घरात कोणी ओरडलंच नाही. जे झालंय ते आधीच कळलेलं असताना कसं ओरडणार! खालच्या काकांकडे केबल आहे.

याचं कारण माझ्या मुलाने समजावलं तेव्हा मला ते अन्यायाचंच वाटलं. केबलवाला चॅनल उपग्रहावरून घेतो. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचावर असतो, पण तिथे जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंद पुरतो. नेटवर मात्र चित्राचे काही-काही सेकंदांचे तुकडे करतात, आपला टीव्ही त्यातले थोडे आधी साठवतो आणि मग दाखवायला लागतो, म्हणजे मध्येच अडकू नये. त्या सावधपणात अर्धा मिनिट सहज जातो. इतर दिवशी अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं? पण क्रिकेटमध्ये पुढे काय होणार हे माहीत नसणं एवढंच तर आपण विकत घेतलेलं असतं.

माझ्या माहेरी, देवरुखला, हा वादच नाही. तिथे कौलांवर छत्री आहे आणि जुलैत जोराचा पाऊस आला की पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' येतं. डीटीएचच्या लहरी इतक्या आखूड असतात की पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. आई शांतपणे टीव्ही बंद करते आणि भाजी निवडायला घेते. फोनला रेंज तर पावसाआधीच गेलेली असते. शहरातल्या लोकांनी काय सोडावं यावर तिथे कोणी मत देत नाही.

एका गोष्टीची किंमत मात्र आमच्या हिशेबात धरलेलीच नसते, ती म्हणजे केबलवाल्याचं स्वतःचं स्थानिक चॅनल. एरवी त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि साड्यांचा सेल असतो, कोणी ढुंकून बघत नाही. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं, पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर गोदाकाठची दुकानं रिकामी करायची की नाही ते ठरतं. तेव्हा या चॅनलवर तासन्‌तास फक्त मारुती आणि गढूळ पाणी दिसतं. यूट्यूबवरही कोणीतरी दाखवतं, नाही असं नाही. पण त्यात खाली पळणाऱ्या पट्टीवर बोहारपट्टीतल्या साड्यांचा सेल नसतो.

तर यंदाच्या मार्चमध्ये तडजोड झाली. बॉक्स ठेवायचा, पॅक मात्र छाटायचा. इंग्रजी काही नको, हिंदी सिनेमांची चॅनलं नकोत, लहान मुलांची नकोत कारण मूल आता लहान नाही. स्पोर्ट्स ठेवायचं, हे खालच्या काकांमुळे. केबलवाल्याचा मुलगा यादीवर पेनने काट मारत होता आणि सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या, एखादं मराठी चॅनल चुकून कापलं जाऊ नये म्हणून. शेवटी त्यांनी विचारलं, 'आणि सह्याद्री? ते काढलंत की काय?'

'आजी, ते काढताच येत नाही,' केबलवाल्याचा मुलगा म्हणाला. 'दूरदर्शनची चॅनलं कायद्यानेच द्यावी लागतात.'

सासूबाईंनी चष्मा काढला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, 'बघ, सरकारलासुद्धा कळतं.'