फुगे दुभंगले म्हणून नाचलो, निघालं सोलापूरचं ऊन

घरी पेशीसारखे सूक्ष्म फुगे बनवतोय, भिंत लिपिडची (म्हणजे चरबीसारख्या पदार्थाची), आत पाणी. मागच्या महिन्यात ते बघता बघता फुटत होते म्हणून वैतागलो होतो, त्याचं कारण सापडलं आणि सांगायलाही लाज वाटते. आत साखरेचं पाणी ३०० मिलिमोलर तीव्रतेचं, बाहेर ग्लुकोजचं तेवढंच, असा हिशोब धरून १०० मिलीला ५.४ ग्रॅम ग्लुकोज टाकत होतो, पण डब्यावर नीट वाचलं तर मोनोहायड्रेट! म्हणजे वजनात पाणीही धरलेलं, त्यामुळे ५.९५ ग्रॅम पाहिजे होतं. बाहेरचं द्रावण पातळ पडत होतं, पाणी आत शिरून फुगे फाटत होते.

पद्धत तीच, सोया लेसिथिन (हेच ते लिपिड) लिक्विड पॅराफिन तेलात विरघळवायचं, त्यात साखरेच्या पाण्याचे बारीक थेंब करायचे आणि ते ग्लुकोजवर अलगद ओतून घरच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. थेंबावर लिपिडचा एक थर असतोच, खाली उतरताना तेल-पाण्याच्या सीमेवरचा दुसरा अंगावर येतो, झाली दुहेरी भिंत. साखरेचं पाणी जड, म्हणून फुगे तळाशी बसतात. भिंत जेमतेम ४-५ नॅनोमीटर, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपमध्ये कडा दिसायला कंडेन्सरखाली (खालून उजेड गोळा करणाऱ्या भिंगाखाली) अर्धा काळा कागद सरकवतो, जुगाड आहे पण चालतो.

वजन सुधारलं आणि रविवारी दुपारी छान गोल फुगे मिळाले. दहा-पंधरा मिनिटांनी बघतो तर एकेक ढिला होऊन थरथरतोय, काहींना कोंब फुटलाय, एक तर डमरूसारखा मध्ये बारीक झालेला! ओरडलोच, 'विभाजन झालं बे!' आई शेंगाचटणी कुटत होती, ती म्हणाली, 'आधी जेव.'

जेवताना डोक्यात उजेड पडला. बाहेर ४३ डिग्री, हवा कोरडी, कव्हरस्लिपच्या (थेंबावर ठेवलेल्या पातळ काचेच्या) कडेनं पाणी उडतंय, ग्लुकोज घट्ट होतंय, मग आतलं पाणी बाहेर खेचलं जाणार. फुगा आतून रिकामा होतो पण कातडं तेवढंच राहतं, जास्तीच्या कातड्याचे कोंब निघतात. पेशी नाही, सुरकुतलेली पिशवी.

संध्याकाळी कडांना व्हॅसलीन लावून तीच बॅच परत बघितली, तासभर गोलच्या गोल. आता मुद्दाम एक कड उघडी ठेवून कोंब फुटायला किती वेळ लागतो ते मोजतोय, कारण काहीही म्हणा, डमरू भारी दिसत होता.