छाट काढण्याचा हक्क आणि माझी पीएचडी

बाररूममध्ये चहा घेताना हा प्रश्न हमखास येतो. "एलएलएम झालं, प्रॅक्टिस बरी चाललीय, मग आता पीएचडी कशाला? प्राध्यापक व्हायचंय का?" विचारणारे वडीलधारे असतात आणि काळजीपोटी विचारतात, म्हणून दोन शब्दांत उत्तर देऊन मी विषय बदलते. पण खरं उत्तर लांबलचक आहे. ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून आज बसले आहे.

मी सोलापुरात कामगारांच्या केसेस चालवते. त्यात विडी कामगार बायकांच्या बऱ्याच. कोर्टात माझं काम ठरलेलं असतं. समोर जी बाई आहे, तिचा पीएफ मिळवून द्यायचा, किंवा विडी कामगाराच्या कार्डावरच्या नावाचा घोळ निस्तरायचा. कार्डावर नरसम्मा, आधारवर नरसाबाई, बँकेत तिसरंच काहीतरी. तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईला कार्डावरची बाई आपणच आहोत हे सिद्ध करायला लागतं. प्रतिज्ञापत्र करायचं, कागद जोडायचे, तारखा घ्यायच्या. केस निकाली निघते आणि दुसऱ्या दिवशी तशीच दुसरी बाई येते. या सगळ्या बायका एकाच दारात का अडकतात, हे कोर्टाला विचारता येत नाही. कोर्ट समोरच्या वादाचा निकाल देतं, आणि ते तसंच असायला हवं. पण तो प्रश्न कुठेतरी विचारला पाहिजे ना? माझ्यासाठी ती जागा म्हणजे संशोधन.

माझी अम्मा विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हाताला काम. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरली की बोटांच्या एका वळशात विडी तयार, वर दोऱ्याचे दोन वेढे. टोक नखानं दुमडून बंद करायचं काम आम्हा पोरींचं. अम्मा बोलायची, भांडायची, रेडिओ ऐकायची, पण हात थांबायचा नाही. दुपारी माल कारखान्यात द्यायला जायची आणि परत आल्यावर तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं, आज छाट किती निघाली.

छाट म्हणजे नापास केलेल्या विड्या. जाड झाली, बारीक झाली, दोरा सैल, पान फाटकं, काहीही कारण. तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून बाजूला टाकायचा आणि त्यांची मजुरी कापली जायची. पानं खराब आली असली तरी छाट अम्माचीच. त्यावर बोलायची सोय नव्हती. बोललं की दुसऱ्या दिवशी पानं त्याहून वाईट मिळायची.

पुढे एलएलबीला घटनेच्या तासाला चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १९५० सालचा निकाल शिकवला. कलम १९(१)(जी), व्यवसायाचं स्वातंत्र्य, वाजवी निर्बंध. शेतीच्या हंगामात विड्या बनवायला बंदी घालणारा सरकारी आदेश सुप्रीम कोर्टानं रद्द केला, तो हा खटला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असतो. दाद मागणारा एक विडी कारखानदार होता आणि एक विडी कामगार. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचार केला की आमच्या घरातल्या सुपावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं कितीदा विचार केला असेल. शोधायला लागले तर माळच हाती आली.

१९६० मध्ये नागपूरचा बिर्धीचंद शर्मा खटला. कारखान्यात येऊन विड्या वळणारे लोक फॅक्टरी कायद्याखाली कामगार ठरले. मालक त्यांचा माल तपासतो, नापास करतो, म्हणजे त्यांच्या कामावर त्याचं नियंत्रण आहे, हा त्यातला एक महत्त्वाचा आधार. त्यानंतर थोड्याच काळात सिन्नरचा शंकर बालाजी वाजे खटला. तिथे कामगार वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, काम कसं करायचं हे त्याला कुणी सांगत नाही, म्हणून तो त्या कायद्याखाली कामगार नाही असा निकाल लागला. दोन्ही निकाल सुप्रीम कोर्टाचे, दोन्ही खटले महाराष्ट्रातले, दोन्हींत माणसं तेच काम करत होती. १९६६ मध्ये संसदेनं विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगाराच्या व्याख्येत घेतलं. कारखानदारांनी तो कायदा आव्हानला, पण १९७४ साली मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो उचलून धरला. १९७७ मध्ये विडी उद्योगाला पीएफचा कायदा लागू झाला. त्यावरही कारखानदार कोर्टात गेले: घरी काम करणारी बाई आमची कामगार कशी?

याचं उत्तर १९८५ च्या पी. एम. पटेल अँड सन्स विरुद्ध भारत सरकार या निकालात आहे. कामाच्या जागी मालक उभा नसला तरी तयार विडी तपासून नाकारण्याचा हक्क त्याच्याकडे आहे, आणि तो हक्क म्हणजेच परिणामकारक देखरेख. म्हणून घरी वळणारी बाईसुद्धा त्याची कामगार आणि पीएफची हक्कदार.

हा परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. जी छाट अम्माची मजुरी खात होती, तीच छाट अम्मा कामगार असल्याचा पुरावा होती. छाट काढणारा माणूस रोज, नकळत, अम्माच्या बाजूनं साक्ष देत होता. आणि हे आमच्या गल्लीत एकाही बाईला माहीत नव्हतं.

माझा पीएचडीचा विषय तिथून निघाला. हक्क कायद्यात आहे, निकालात आहे, मग तो अशोक चौकातल्या, दत्तनगरमधल्या, विडी घरकुलातल्या घरापर्यंत येता येता कुठे गळतो?

एक गळती कायद्यातच आहे. १९६६ च्या कायद्याच्या कलम ४३ मध्ये एक सूट होती. स्वतःच्या घरात घरच्यांच्या मदतीनं माल बनवणाऱ्याला हा कायदा लागू नाही, मात्र तो कुणाचा कामगार नसला पाहिजे. स्वतंत्र कारागिरासाठी ठेवलेली ही सूट मुळात वाजवी. पण कागदावर बाईला पानं-तंबाखू 'विकली' आणि विड्या तिच्याकडून 'खरेदी केल्या' असं दाखवलं की ती एका सहीनं कामगाराची व्यापारी होते. मालक नाही, मजुरी नाही, पीएफ नाही. छाट मात्र तशीच निघते! माझं म्हणणं हेच आहे की व्यवहाराला नाव काहीही द्या, छाट कोण काढतो ते आधी बघा. ज्याच्या हातात छाट, तो मालक. हे नुसतं ठासून सांगून चालत नाही. निकालांतून आणि प्रत्यक्ष पुराव्यातून उभं करावं लागतं.

कायद्यातल्या संशोधनाचे ढोबळमानानं दोन प्रकार मानतात. डॉक्ट्रिनल, म्हणजे कायदे, निकाल, समित्यांचे अहवाल वाचून केलेलं. आणि नॉन-डॉक्ट्रिनल, म्हणजे लोकांत जाऊन. आपल्याकडे पहिल्याचा भरणा जास्त, कारण लायब्ररीत बसून होतं. मी दोन्ही घेतले आहेत, आणि दुसऱ्यानं मला पहिलं वाचायला शिकवलं असं माझं ठाम मत आहे.

मुलाखतींना छापील फॉर्म घेऊन मी जात नाही. फॉर्म दिसला की बायका सावध होतात: योजना आहे का, सर्व्हे आहे का, नाव जाईल का. मी त्यांच्या शेजारी बसते, टोकं दुमडायला घेते, हात अजून विसरलेला नाही. एकदा एक आजी माझ्या वहीकडे बघत म्हणाल्या, "काय लिहायलीस गं एवढं? आमचं काय असतंय लिहिण्यासारखं?" मी सांगितलं, आजी, छाटीचं लिहायलेय. त्यांचा हात थांबला. विड्या वळणाऱ्या बाईचा हात थांबणं किती मोठी गोष्ट आहे, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. मग त्या जे बोलल्या, ते मी माझ्या प्रबंधात शब्दशः घेतलं आहे. नाव अर्थातच नाही. कुणाचंच नाही, कारखान्याचंही नाही. नाव बाहेर गेलं आणि उद्या कार्ड बंद झालं तर माझ्या पदवीनं तिची चूल पेटणार नाही.

मध्येच कायदाच बदलला. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या जुन्या कायद्यावर उभं होतं. गाईड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता तर तुझा विषय जास्त गरजेचा झाला." त्या आठवड्यापासून जुनं कलम डावीकडे, नवं उजवीकडे असा तक्ता करायला घेतला. कलम ४३ ची ती सूट नव्या संहितेत कलम ७७ म्हणून जवळपास तशीच उतरली आहे. म्हणजे गळतीही सोबत आली. विडी कामगार कल्याणाचा उपकर तर २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाच गेला. ज्या पैशातून विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या निघायच्या तो उपकर का गेला आणि त्याच्या जागी काय आलं, यावर स्वतंत्र पीएचडी व्हायला हवी. कुणी करत असेल तर मी माझ्या सगळ्या नोंदी द्यायला तयार आहे.

सोलापुरात राहून हे करू पाहणाऱ्या ज्युनिअर वकिलांसाठी, विशेषतः मुलींसाठी, थोडं कामाचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी पार्ट-टाइम करता येते, प्रॅक्टिस सोडायची गरज नाही. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत. बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. आधी शोधनिबंध छापून आणल्याशिवाय प्रबंध देता येत नव्हता; ती सक्ती आता नाही, पण लिहा, लिहिल्यानं डोकं साफ होतं. प्रबंधात कलमांचे उतारे असले की सॉफ्टवेअर उचलेगिरीचा आकडा फुगवून दाखवतं. घाबरू नका, २०१८ च्या नियमांत कायद्याचा मजकूर त्या तपासणीतून वगळायला सांगितलेलंच आहे. दुसऱ्यांचे प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. विषय घेण्याआधी तिथे बसा. आणि विषय असा घ्या की ज्याच्यासाठी रात्री अकराला, उद्याच्या केसची तयारी संपवून, परत टेबलाशी बसावंसं वाटेल.

अम्माचे डोळे आता अधू झालेत, ती वळत नाही. मी प्रकरण लिहिलं की तिला तेलुगूत सांगते. ती एखादाच प्रश्न विचारते, पण तो नेमका असतो. परवा म्हणाली, छाटलेल्या विड्या ते फेकून द्यायचे की विकायचे, हे लिहिलंस का? नव्हतं लिहिलं. आता त्याच्या मागे लागले आहे.

त्यासाठी तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या घरी आई, आजी, सासू, कुणी विड्या वळत असेल किंवा पूर्वी वळत असेल, तर जुनं कार्ड, पानं-तंबाखूच्या वजनाची वही, पीएफची पावती, यातलं काहीही रद्दीत टाकू नका. छाटीची नोंद असलेलं पान असेल तर फारच उत्तम. मला कळवा, मी येऊन फोटो काढून घेईन, कागद तुमच्याकडेच राहील. नाव कुठेही येणार नाही. रविवारी मी नीलमनगर आणि अक्कलकोट रोडच्या बाजूलाच असते.