टाइल्स ठरल्याशिवाय भिंतीला हात नाही – आमची वाटचाल

मी मूळचा प्लंबर. वाशी-नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये लीकेजची कामं करायचो, गंजलेले जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) टाकायचे, नळ बदलायचे, बस. टाइल्सवाला वेगळा, ग्राहकाने कुठूनतरी आणलेला, आणि काम संपता संपता आमचं हमखास वाजायचं. तो म्हणणार पॉइंट (नळ जोडायचं पाइपचं तोंड) वाकडा सोडलाय, मी म्हणणार तू भिंत जाड केलीस म्हणून माझा डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह) आत गेला. ग्राहक बिचारा दोघांचेही पैसे देणार आणि वर आत गेलेला पॉइंट बाहेर आणायला एक्स्टेन्शन निपलचा (जोडतुकड्याचा) खर्च करणार.

मग ओळखीतला टाइल्सचा मिस्त्री सोबत घेतला आणि दोन्ही कामं आपणच घ्यायला लागलो. ठाण्याला नौपाड्यातला गाळा वगैरे सगळं नंतरचं.

आता लोकांना वाटतं आधी प्लंबिंग मग टाइल्स, झालं. क्रम तोच आहे हो, पण टाइल्स *लावायच्या* नंतर, *ठरवायच्या* सगळ्यात आधी! कारण कन्सील्ड डायव्हर्टर किती खोल बसवायचा ते प्लास्टर, अॅडहेसिव्ह आणि टाइलची जाडी मिळून ठरतं, टाइलच माहीत नसेल तर प्लंबर अंदाजाने बसवणार. वॉल मिक्सरच्या (गरम-थंड पाण्याच्या नळाच्या) दोन पॉइंटमध्ये 6 इंच लागतात, ते टाइलच्या बरोबर मध्ये हवेत की जॉइंटवर हेही आधीच बघावं लागतं. म्हणून आम्ही भिंतीवर टाइल्सच्या रेघा मारतो आणि मगच झिरी, म्हणजे पाइपसाठी भिंतीत खाच. यापायी सुरुवातीला कामं गेली, "टाइल्स नंतर बघू, तुम्ही फोडायला घ्या" म्हणणारे दुसरीकडे गेले, जाऊ दिले.

फोडकाम झालं की आउटलेटचे (सांडपाण्याचे) पाइप आधी भिंतीतून पार करून घ्यायचे, मग संकमध्ये (बाथरूमच्या स्लॅबच्या खोलगट भागात) वॉटरप्रूफिंगचं कोटिंग, कारण उलटं केलं तर केलेल्या कोटिंगलाच भोक पाडावं लागतं. मग 48 तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघून यायचं (काही ठिकाणी चहा मिळतो, काही ठिकाणी मागच्या लीकेजचा हिशोब ऐकावा लागतो). सीपीव्हीसीचे जॉइंट चिकटवल्यावर 24 तास थांबून हातपंपाने प्रेशर टेस्ट, काटा उतरला नाही तरच झिऱ्या भरायच्या. मग फरशीखालचा कोबा, स्लोप देऊन. भिंतीच्या टाइल्स खालून दुसऱ्या रांगेपासून चढवायच्या, मग फ्लोअर, आणि राहिलेली खालची रांग शेवटी, म्हणजे ती फ्लोअरच्या टाइलवर बसते आणि कोपऱ्यात कटिंग दिसत नाही. नळ, शॉवर, कमोड सगळ्यात शेवटी.

सिडकोच्या जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी संडास आणि बाथरूम वेगळे असतात, तिथे आम्ही एक पूर्ण करून मगच दुसरं फोडतो. वेळ जास्त जातो, मजुरी थोडी वाढते, पण घरात म्हातारी माणसं असतात, त्यांनी शेजारी किती दिवस जायचं?

आणखी एक सवय लागली आम्हाला, झिऱ्या भरायच्या आधी भिंतीला मोजायची टेप लावून पाइपांचे फोटो काढायचे आणि ग्राहकाला व्हॉट्सअॅप करायचे. आता गंमत अशी की कोपरखैरणेच्या एका ताईंनी तो फोटो सुताराला दाखवला, टॉवेल रॉड पाइप चुकवून लावून घेतला आणि मग मला फोन केला, किचनच्या भिंतीचाही असा फोटो आहे का म्हणून. किचन आमचं नव्हतं.